जामीन झाला, पण माणूस सुटला का?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर सांगितलंस, "मॅडम, सहाय्यक लोक अभिरक्षक म्हणून नेमणुकीचं पत्र आलं." म्हणजे ऐपत नसलेल्या आरोपींची सरकारी खर्चाने वकिली. आणि मग आवाज खाली आणून म्हणालीस, की घरी कुणाला फारसा आनंद झालेला नाही. करारावरची नोकरी, खासगी प्रॅक्टिस बंद, आणि वर चोराचिलटांची वकिली. तेव्हा माझ्या दारात पक्षकार उभे होते, मी नुसतं "ये, बघू" म्हटलं. नीट उत्तर द्यायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र.

वडिलांना एवढंच सांग. २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने कसाबची फाशी कायम केली. त्याच निकालात न्यायालयाने देशातल्या प्रत्येक मॅजिस्ट्रेटवर एक जबाबदारी टाकली: आरोपीला पहिल्यांदा समोर आणलं की त्याला सांगायचं, वकील घेण्याचा तुझा हक्क आहे आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळेल. फाशी देणाऱ्या निकालातच हे लिहावंसं वाटलं, याचा वडिलांनी शांतपणे विचार करावा. बाकी वाद घालत बसू नकोस. सहा महिने तुझं काम बघतील, मग आपणच विचारतील.

आता तुझ्यामाझ्यातलं.

खासगी प्रॅक्टिसमध्ये वकिलाकडून काम करून घेतात ते नातेवाईक. सकाळी आठला फोन, दुपारी बार रूमच्या दारात, संध्याकाळी ऑफिसात. तारीख का पडली, साक्षीदार का आला नाही, नक्कल कधी मिळणार, सगळं विचारून विचारून भंडावून सोडतात. वैताग येतो, पण त्या वैतागापायीच काम पुढे सरकतं. आपल्या पक्षकाराच्या मागे असं कुणी नसतं. भाऊ कोर्टाकडे फिरकत नाही, कारण आपल्यालाही उचलतील ही भीती. बायको तीन जिल्हे पलीकडे, तिच्याकडे एसटीचं भाडं नाही. तेव्हा त्याच्या घरच्यांनी तुझ्या मागे लागून जे करून घेतलं असतं, ते तुला कुणी न विचारता करायचं आहे. मी हे फार उशिरा शिकले. कसं, ते पुढे सांगते.

रिमांडपासून, म्हणजे अटकेनंतर आरोपीला कोर्टापुढे आणून कोठडी मागतात तिथपासून, सुरुवात कर. आपल्याकडे आरोपी बहुधा दुपारी चारनंतर आणतात, कोर्ट उठायच्या घाईत असतं. लॉकअपमध्ये पट्टा काढून घेतलेला असतो, त्यामुळे तो एका हाताने पँट धरून उभा असतो आणि दुसरा हात हवालदाराच्या हातात. न्यायाधीश विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" तो म्हणतो, "नाही." हात कुणाच्या हातात आहे ते बघ, म्हणजे त्या "नाही"ची किंमत कळेल. कोर्टाकडे पाच मिनिटं माग, हवालदाराला ऐकू जाणार नाही इतकं दूर उभं राहायला सांग, आणि मग बोल. पण गुन्ह्याबद्दल लगेच विचारू नकोस. जेवलास का? घरी कुणाला माहीत आहे का? कधी आणलं? कागदावर अटक काल रात्री साडेअकराची असते आणि तो सांगतो, "बाजाराच्या दिवशी उचललं." बाजार परवा होता. अटकेपासून चोवीस तासांत कोर्टापुढे आणल्याचा हिशेब तिथेच कोसळतो. ते कोर्टाला सांग, रोजनाम्यात यायला हवं असा आग्रह धर, आणि ठाण्याचं सीसीटीव्ही चित्रण जतन करण्याचा अर्ज त्याच दिवशी दे. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्येच बजावलं आहे. महिन्याभराने अर्ज दिलास तर उत्तर येईल, कॅमेरा बंद होता. लंगडत असेल तर तळपाय बघ आणि वैद्यकीय तपासणी माग.

वय विचारायला विसरू नकोस. पारध्यांचा एक पोरगा असाच आणला होता, अटकेच्या फॉर्मवर वय एकोणीस. ओठावर नुसती लव. "किती वर्षांचा?" म्हटलं तर म्हणाला, "त्यांनी लिवलंय तेवढा." शाळेत गेला होतास का? सातवीपर्यंत, आश्रमशाळेत. मी कोर्टाच्या व्हरांड्यातून मुख्याध्यापकांना फोन लावला. त्या भल्या माणसाने जनरल रजिस्टर काढून पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. पोरगा सोळा वर्षं चार महिन्यांचा निघाला. मग रीतसर दाखला आला आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेलं. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये पहिला मान शाळेच्या दाखल्याला आहे, हाडांच्या तपासणीचा नंबर शेवटचा. पोलिसांनी मुद्दाम एकोणीस लिहिलं असं मी म्हणत नाही. कुणी विचारलंच नव्हतं. पण १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द होऊनही घरफोडी झाली की पोलिसांची पहिली गाडी पारध्यांच्या पालावर का जाते, हे मात्र मी अजून दर वेळी विचारते. तूही विचार.

दिवस मोजायला वेगळं कॅलेंडर ठेव. मोटारसायकल चोरीसारख्या गुन्ह्यात साठ दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर एकसष्टाव्या दिवशी जामीन हा हक्क होतो. रिमांडचा पहिला दिवस धरून मोजायचं. तो वाद सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मिटवला. एकसष्टाव्या दिवशी कोर्ट उघडताच अर्ज दे आणि कारकुनाकडून त्यावर वेळ टाकून घे. दुपारी दोषारोपपत्र आलं तरी सकाळचा अर्ज मरत नाही, पण सकाळचा होता हे दाखवता आलं पाहिजे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ ही तसंच. पहिलाच गुन्हा असेल आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला असेल, तर सोडायला हवं. अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर आहे, पण तू त्याच्या अर्जाची वाट बघू नकोस. आणि दुसरं प्रकरण प्रलंबित असेल तर हे कलम अडतं, म्हणून आणखी कुठल्या ठाण्यात नाव आहे का ते पहिल्याच भेटीत काढून घे.

आता ते उशिरा शिकलेलं.

विधी सेवेच्या पॅनलवर, म्हणजे मोफत वकिलांच्या यादीत, होते तेव्हाची गोष्ट. मराठवाड्यातला एक ऊसतोड कामगार, कारखान्यावरच्या भांडणात आत आला होता. मी जामिनाचा अर्ज केला, चांगला युक्तिवाद केला, पंधरा हजारांचा जामीन मंजूर झाला. डायरीत "जामीन मंजूर" लिहिलं आणि फाईल कपाटात ठेवली. चार महिन्यांनी जेलमधल्या लीगल एड क्लिनिकला गेले, तर रांगेत तो. माझ्यासमोर उकिडवा बसला. दोन्ही पंजे गुडघ्यांवर, उजव्या तळव्यावर कोयत्याचा घट्टा होता, तो आता मऊ पडून सोलवटायला लागला होता. मला म्हणाला, "बाई, माझ्या जामिनाचं काय झालं वो?"

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कोर्टाने हुकूम काढला, मी खूश होऊन घरी गेले, आणि हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर त्याची टोळी गावाकडे निघून गेली. जामीनदार कोण राहणार? मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर, सातबारा नाही, ऐपतीचा दाखला कुठून आणणार? त्या चार महिन्यांचा दोष कुणावर टाकता येईल हे मी खूप शोधलं. माझ्याच डायरीतल्या त्या दोन शब्दांपाशी येऊन थांबले. पुढच्या आठवड्यात अटी शिथिल करण्याचा अर्ज केला, तो जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सुटला. अर्ज दीड पानाचा होता. चार महिन्यांपूर्वी तो पाऊण तासात लिहून झाला असता.

म्हणून जामिनाच्या अर्जातच लिहीत जा, की या माणसाला भरभक्कम जामीनदार मिळणार नाही, जातमुचलक्यावर सोडा. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून मॅजिस्ट्रेटने भाऊ नाकारला. न्या. कृष्ण अय्यरांनी त्याला एक हजाराच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडलं. आपल्या भागात निम्मे आरोपी परजिल्ह्यातले, हा निवाडा बॅगेतच ठेव. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांप्रमाणे, जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं, आणि महिन्याभरात बंधपत्र भरलं गेलं नाही तर अटी सैल करायच्या का हे कोर्ट आपणहून बघू शकतं. कळवलं जातंच असं समजू नकोस. आठव्या दिवशी तूच फोन कर.

शिक्षा झाली तरी काम संपत नाही. निकालाची प्रत कैद्याच्या हातात पडली का ते बघ, आणि पोच घे. हॉसकोट प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलंच, १९७८ चं. हायकोर्टाने निकालाची प्रत तुरुंगात पाठवली होती, पण कैद्याला मिळाल्याची सही कुठे नव्हती, आणि अपील चार वर्षांहून जास्त उशिरा आलं. मोफत प्रत आणि अपिलासाठी मोफत वकील हा कैद्याचा हक्क आहे, हे त्यातून ठरलं.

घाईला बळी पडू नकोस. आज वकीलपत्र आणि आजच साक्ष, असं कुणी म्हटलं तर उभं राहून तारीख माग. मध्य प्रदेशातल्या एका फाशीच्या खटल्यात विधी सेवेचा वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती फाशी रद्द करून खटला पुन्हा चालवायला लावला, आणि अशा गंभीर खटल्यांत वकिलाला तयारीला किमान सात दिवस द्या असं सांगितलं. न्यायाधीश नाराज होतील. होऊ देत.

पैशाबद्दल एकदाच सांगते. एखादी म्हातारी पदराच्या गाठीतून शंभराची नोट काढील. घ्यायची नाही, चहाही नाही, आणि ते तिला दुखावणार नाही अशा शब्दांत सांगायचं. तरीही काही जणी मंगळसूत्र गहाण टाकून खासगी वकील करतील, कारण फुकटचा वकील कामाचा नाही असं कुणीतरी कानात सांगितलेलं असतं. राग मानू नकोस. फाईल नीट लावून त्या वकिलाच्या हातात दे.

सोमवारी रुजू होशील तेव्हा माझ्या टेबलाच्या उजव्या खणात हिरव्या पुठ्ठ्याची वही आहे. शेवटच्या पानावर तीन नावं आहेत, तिघांचेही जामीन मंजूर झालेत, तिघेही अजून आतच आहेत. त्यातल्या दुसऱ्या नावाच्या माणसाच्या भावाचा नंबर समासात लिहिलाय, रात्री आठनंतर उचलतो. बाकी सगळं नंतर, आधी जेलवर जाऊन त्यांना भेट.

तुझी,
मॅडम