ज्युपिटर नोटबुकमध्ये (ब्राउझरमध्ये पायथन कोड चालवायची फाइल) लाखो नोंदींचा ग्राफ प्लॉटलीने काढला की टॅब हँग होतो, मॅटप्लॉटलिबने काढला की लगेच येतो. एक आधीची नोटबुक तर आता उघडतच नाही. जास्त रॅमचा लॅपटॉप घेऊ का?

घेऊ नका, पैसे वाया जातील. मॅटप्लॉटलिब आणि प्लॉटली ही ग्राफ काढायची पायथनची साधनं; पहिल्याचा ग्राफ लगेच येतो आणि दुसऱ्याचा अडकतो, असं तुम्ही लिहिलंय. कारण त्यातच आहे. मॅटप्लॉटलिब कर्नलमध्येच (नोटबुकचा कोड मागे चालवणारा प्रोग्राम) चित्र काढतं आणि तयार चित्र पाठवतं. प्लॉटली सगळ्या नोंदी ब्राउझरकडे पाठवतं आणि चित्र तिथे काढलं जातं.

रावेरकडच्या केळीबागांत ठिबकच्या पाइपलाइनवर दाब मोजणारे 12 सेन्सर आहेत, त्यांचा डेटा मी बघतो. मिनिटाला एक नोंद धरली तर एका सेन्सरच्या वर्षाला 5,25,600 नोंदी होतात, बाराच्या मिळून 63 लाखांवर. माझ्या लॅपटॉपची स्क्रीन 1366 पिक्सेल रुंद. म्हणजे पिक्सेलच्या एकेका उभ्या रांगेत एका सेन्सरच्या जवळपास 385 नोंदी एकमेकींवर बसतात. डोळ्याला दिसणारच नाहीत त्या ब्राउझरकडे कशाला पाठवायच्या?

पण म्हणून सरासरी काढू नका. मी आधी तासाची सरासरी घेत होतो. पाइप फुटला की दाब चार-पाच मिनिटं तळाला जातो, शेतकरी मोटर बंद करतो, जोडून पुन्हा चालू करतो. तासाच्या सरासरीत ही घसरण जवळजवळ पुसली जाते, आणि आम्हाला नेमकी तीच हवी असते. त्याऐवजी वेळेचे सारखे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यातली सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त, अशा दोनच नोंदी ठेवा. घसरण कितीही अरुंद असली तरी दिसते. प्लॉटलीला जोडायचं प्लॉटली-रीसॅम्पलर नोंदी निवडण्याचं काम आपणहून करतं: झूम केलं की तेवढ्याच भागातल्या नोंदी कर्नलकडून नव्याने निवडून आणतं. मात्र कर्नल चालू हवा. एचटीएमएल करून व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या ग्राफमध्ये हा बारकावा मिळत नाही.

कोट्यवधी टिंबांचा विखुरलेला ग्राफ किंवा नकाशा असेल तर डेटाशेडर घ्या, ते टिंबांचं तयार चित्र करून देतं. सगळी टिंबं खरोखरच ब्राउझरमध्ये हवी असतील तर एसव्हीजी (ब्राउझरमध्ये आकृती काढायची एक पद्धत) सोडा, कारण त्यात प्रत्येक टिंब हा वेगळा एलिमेंट असतो. वेबजीएल ही दुसरी पद्धत हे काम ग्राफिक्स कार्डाकडून करून घेते. प्लॉटलीत त्यासाठी स्कॅटरजीएल आहे. स्वतः एनीविजेट (नोटबुकमध्ये दिसणारा आपला घटक) लिहून आकडे फ्लोट32 मध्ये (32 बिटांत साठवलेला दशांश आकडा) पाठवणार असाल तर वेळेकडे नीट लक्ष द्या. संगणक वेळ 1970 पासूनच्या मिलिसेकंदांत मोजतो; ते आज 1.7 लाख कोटींच्या पुढे गेलेत, आणि तेवढ्या आकड्याला फ्लोट32 ची पायरी, म्हणजे लगतच्या दोन आकड्यांतलं अंतर, सुमारे 131 सेकंदांची होते. मिनिटामिनिटाच्या नोंदी दोन-दोन, तीन-तीन करून एकाच जागी गोळा होतात. आधी पहिल्या नोंदीची वेळ सगळ्यांतून वजा करा, मग पाठवा.

आणि तुमची आधीची नोटबुक आता उघडतच नाही म्हणता, ती गेलेली नाही. ग्राफचा सगळा डेटा त्याच फाइलमध्ये साठलाय. टर्मिनलमधून एनबीकन्व्हर्ट (ज्युपिटरची नोटबुक बदलायची आज्ञा) क्लिअर-आउटपुट पर्यायाने चालवा. आउटपुट पुसलं जाईल, कोड जसाच्या तसा राहील.