यंत्र घेण्याआधी पंधरा दिवस कटिंगच्या टेबलाशेजारी बसा

आपण विचारले आहे की, सत्तरी तालुक्यातील वडिलांचा काजू कारखाना तीन वर्षे तोट्यात आहे, जुने कामगार सोडून जात आहेत आणि बँक कर्ज द्यायला तयार आहे. तर त्या कर्जातून बिया फोडण्याची स्वयंचलित यंत्रे घ्यावीत की कारखाना बंद करावा? सासऱ्यांच्या पश्चात गोव्यातल्याच डिचोली तालुक्यातील आमचा असाच बुडत चाललेला कारखाना माझ्या हाती आला, तेव्हा मीही याच दोन वाटांपुढे उभी होते. त्या अनुभवावरून कळकळीने सांगते की, तोटा नेमका कुठे होतो हे कळेपर्यंत या दोन्हींपैकी काहीही करू नका.

आफ्रिकेतून येणाऱ्या बियांच्या स्वस्त गरामुळे आपण मार खातो, अशी तेव्हा माझी पक्की समजूत होती. ती काही अंशी खरीही होती, परंतु बाजारभाव माझ्या हातात नव्हता. कोठारापासून पॅकिंगपर्यंतचे काम माझ्या हातात होते, आणि नेमक्या त्याचीच नोंद आमच्या वहीत नव्हती. किती पोती फुटली आणि एकूण किती किलो गर निघाला, एवढेच लिहिले जाई. त्यात अख्खा गर किती, पाकळी (दुभंगलेला अर्धा गर) किती आणि तुकडा किती, हे महिनाअखेरीस विक्रीच्या बिलांवरून समजे आणि तोवर कारण शोधण्याची वेळ निघून गेलेली असे.

हा फरक किती मोठा असतो, ते एकदा कागदावर मांडून पाहा. ८० किलोच्या पोत्यातून साधारण २० किलो गर निघतो. अख्खा गर आणि तुकडा यांच्या दरात किलोमागे २०० रुपयांचे अंतर धरले आणि त्या २० किलोंपैकी ५ किलो गर विनाकारण तुटला, तर पोत्यामागे १,००० रुपये गेले. दिवसाला दहा पोती फुटत असतील, तर रोजचे १०,००० रुपये. विक्री वाढवून ही गळती भरून निघत नाही, उलट जितकी पोती अधिक फुटतील तितकी ती वाढते.

पंधरा दिवस मी सकाळपासून कटिंगच्या, म्हणजे बिया फोडण्याच्या, टेबलाशेजारी बसले आणि प्रत्येक पोत्याची वेगळी नोंद ठेवली. चौथ्या दिवशी आमच्याकडे वीस वर्षे काम करणाऱ्या एका मावशींनी वाफवलेली बी उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "वहिनी, दाबून बघा, अजून ओली आहे. कालची बी द्या, अख्खा गर काढून दाखवते." वाफवलेली बी गार होऊन टरफल कडक होण्यास किमान एक रात्र जावी लागते, त्याआधी पाते चालवले की टरफल फुटण्याऐवजी दबते आणि आतला गर चिरतो. आमच्याकडे सकाळी वाफवलेल्या बिया दुपारीच कटिंगला येत होत्या. मावशींनी हे दोन वर्षांपूर्वीच सुपरवायझरला सांगितले होते आणि त्यांना "तुम्ही तुमचे काम बघा" असे उत्तर मिळाले होते. त्या सुपरवायझरलाही मी दोष देऊ शकले नाही, कारण रोज इतकी पोती फुटलीच पाहिजेत हा आकडा मीच फळ्यावर लिहीत असे.

तो आकडा मी त्याच दिवशी पुसला आणि त्याजागी आदल्या दिवशीच्या अख्ख्या गराचे प्रमाण लिहू लागले. बिया एक रात्र पसरून ठेवायच्या आणि कटिंगपूर्वी चाळणीने आकारवार वेगळ्या करायच्या, असे ठरले. मजुरी एकूण वजनावर होती, ती बदलून अख्ख्या गराला जास्त दर दिला. त्याचबरोबर, कुणालाही बी ओली वाटली तर तिने काम थांबवावे आणि त्या वेळेची मजुरी कापली जाणार नाही, असे सर्वांसमोर सांगितले. पहिल्या महिन्यात फुटलेली पोती कमी झाली, तेव्हा घरातल्यांनी मला वेड्यात काढले. दुसऱ्या महिन्यात मात्र विक्रीच्या बिलांत अख्ख्या गराचा वाटा वाढलेला स्पष्ट दिसला. यंत्र घ्यायचेच असेल तर ते यानंतर घ्यावे, कारण स्वयंचलित यंत्रालाही नीट गार झालेली आणि एका आकाराची बी लागते. ती नसेल तर तुटण्याचा वेग तेवढा वाढतो.

पैसे अडकण्याची आमची आणखी दोन ठिकाणे होती. पहिले कोठार. गोव्यात बिया फेब्रुवारीअखेर ते मे एवढ्याच काळात येतात. भाव चढेल या भीतीने आम्ही कर्ज काढून वर्षभराचा माल भरत होतो आणि नीट न वाळलेल्या बिया पावसाळ्यात खराब होत होत्या. आता मी झेपेल तेवढेच घेते, हलवल्यावर बी आत खुळखुळली नाही तर ते पोते पुन्हा उन्हात टाकते आणि खरेदीपूर्वी नमुना फोडून पाहते.

दुसरे ठिकाण म्हणजे पणजी, म्हापसा आणि किनारपट्टीवरील दुकानांकडची उधारी. तुमचा कारखाना सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम या सरकारी पोर्टलवर नोंदलेला नसेल, तर आजच नोंदवा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार खरेदीदाराने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. मी हे कलम बिलावर छापले, आणि बहुतेकांनी भांडण न करता पैसे दिले.

त्या वसुलीतून मी सर्वप्रथम पगाराची तारीख पाळली. ज्या घरात चतुर्थीच्या माटोळीचे (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या आराशीचे) सामान उधारीवर येते, त्या घरातली बाई आपल्या कारखान्यातले दोष आपल्याला का सांगेल? पगार सातव्या दिवशी हातात पडू लागल्यावरच वाफेच्या भट्टीपासून पिलिंगपर्यंतच्या (गराची साल काढण्यापर्यंतच्या) तक्रारी माझ्यापर्यंत येऊ लागल्या.

चार-सहा महिने अशी नोंद ठेवूनही, अख्ख्या गराचे प्रमाण सुधारूनही, बिया, मजुरी आणि व्याज यांचा खर्च निघत नसेल, तर कारखाना जरूर बंद करा. पण तो कामगारांचा थकलेला पगार आणि ग्रॅच्युइटी देण्याइतके पैसे हातात असतानाच करा. तूर्त सोडून गेलेल्यांपैकी दोघी-तिघींच्या घरी तुम्ही स्वतः जा. परत या म्हणू नका. का सोडले एवढेच विचारा आणि सोबत वही ठेवा.