छोट्या कामाला पिन गन घ्यावी की एफ ३०?

प्रश्न : नमस्कार दादा, नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी गॅलरीत लाकडाची छोटी छोटी कामं करतो, फोटोफ्रेम, डबे वगैरे, आणि आता ताईसाठी सागाचा लहान देव्हारा करायला घेतलाय. बारीक पट्ट्या चुकांनी, म्हणजे छोट्या खिळ्यांनी, ठोकल्या की चिरतात आणि क्लॅम्प लावून फेविकॉल सुकायची वाट बघत बसलो तर रविवार त्यातच जातो. दुकानदार म्हणतो हवेच्या दाबावर खिळे मारणारी एफ ३० गन घ्या, सगळं होतं. ओळखीचे मिस्त्री म्हणतात पिन गन घे. काय घेऊ? आणि कॉम्प्रेसर केवढा लागेल, फ्लॅटमध्ये राहतो. (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमच्या कामाला मिस्त्री सांगतायत तेच बरोबर. दुकानदार खोटं बोलत नाहीये, पण एफ ३० म्हणजे १८ गेजची ब्रॅड गन (गेजचा आकडा जितका मोठा तितका खिळा बारीक), तिचा खिळा, म्हणजे ब्रॅड, साधारण सव्वा मिलिमीटर रुंद आणि वर छोटंसं डोकं, म्हणजे ६ मिमीच्या सागाच्या पट्टीत टोकाजवळ मारलात तर पट्टी चिरायची शक्यता आहेच, आणि भोक लांबी (पुट्टी) भरून बुजवावं लागतं ते वेगळंच. पिन गन २३ गेजची, पिन जेमतेम ०.६ मिमी जाड, डोकंच नाही, पॉलिश केल्यावर भोक शोधावं लागतं.

आता डोकं नाही हाच तिचा गुण आणि हीच तिची अडचण. पिन ओढली की सरळ निघून येते, त्यामुळे जोड धरतो तो फेविकॉल, पिन फक्त तो सुकेपर्यंत पट्टी जागेवरून हलू देत नाही. नुसत्या पिनांवर कळस, महिरप काही उभं करू नका. एकीकडे थोडी तिरकी, दुसरीकडे उलट्या बाजूला तिरकी अशा मारल्यात तर पकड बरी येते. आणि फ्रेमच्या मागचा पातळ प्लाय पिनांनी बसवायला जाऊ नका, तो पिनांवरून अलगद सुटून येईल, तिथे डोकं असलेला ब्रॅड किंवा स्टेपलच हवा. असं काम तुमच्याकडे जास्त असेल तर पुढे कधीतरी एफ ३० घ्याच, पण दुसरी म्हणून.

गन बघताना पी ६२२, पी ६२५, पी ६३० असे नंबर दिसतील, शेवटचे दोन आकडे म्हणजे जास्तीत जास्त किती मिमीची पिन चालते ते. मी म्हणेन ६३० घ्या, १० ते ३० मिमी सगळं बसतं. पट्टीच्या जाडीच्या दुप्पट-अडीचपट पिन पुरते, ६ मिमीला १५ मिमी झाली. सागात उगाच ३० ची मारली तर कडक रेषेला लागून वळते आणि बाजूने बाहेर येते, म्हणून धरलेलं बोट पिनेच्या लांबीपेक्षा लांब ठेवा, चष्मा घाला. बऱ्याच पिन गनला टोक लाकडावर दाबल्याशिवाय पिन उडत नाही अशी सोय नसते, फक्त डबल ट्रिगर असतो, तेव्हा अडकलेली पिन काढताना आधी हवेचा पाइप काढायचा, मग बाकीचं. देव्हाऱ्यात पाणी सांडणारच, तिथे स्टेनलेस पिना मिळाल्या तर उत्तम, नाहीतर गंजाचे डाग उमटतात.

कॉम्प्रेसरची फार काळजी नको. पिन गन हवा अगदी थोडी खाते, ८-१० लिटरची टाकी पुरते, ६० ते १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) मध्ये काम होतं, ६० पासून सुरू करून टाकाऊ तुकड्यावर बघत वाढवा. खरा प्रश्न आवाजाचा. स्वस्तातले ऑइल-फ्री असे बोंबलतात की शेजारचे काका दार वाजवणारच, म्हणून पैसे वाढवायचे असतील तर गनवर नको, कमी आवाजाच्या कॉम्प्रेसरवर वाढवा. पावसाळ्यात टाकीत पाणी साचतं, काम झालं की खालचा नळ सोडून काढून टाका, नाहीतर ते गनमध्ये जातं. काम सुरू करताना हवेच्या तोंडात तेलाचे दोन-तीन थेंब.

प्रश्न : नवीन पिन गन सारखी अडकते, पिन अर्धवटच आत जाते. गन खराब आहे का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आधी पिनांची पट्टी उलटी तर घातली नाहीत ना ते बघा, डोकं नसल्यामुळे पटकन कळत नाही, पट्टीवर बऱ्याचदा बाणाची खूण असते, बाण खाली. ते ठीक असेल तर प्रेशर थोडं वाढवा किंवा आखूड पिन लावून बघा. तरीही तेच झालं तर बिल घेऊन दुकानात जा.