लिजियांगचं ‘ब्लॅक ड्रॅगन पूल’ हे तळं बघण्यासारखं आहे, की नुसतं फोटोपुरतं?

चीनच्या युन्नान प्रांतातल्या लिजियांगला दोनच दिवस आहेत, त्यातला अर्धा दिवस या तळ्यावर घालवावा का, असं तुम्ही विचारलंय. जरूर घालवा. पण निघण्याआधी हॉटेलवाल्याला एक विचारून घ्या: तळ्यात पाणी आहे ना?

चेष्टा करत नाहीये. या तळ्याला वरून कुठली नदी येऊन मिळत नाही. हत्ती टेकडीच्या पायथ्याशी चुनखडीच्या फटींतून झरे फुटतात, त्यांच्याच पाण्यावर ते भरतं. वरच्या डोंगरात पाऊस कमी झाला की झरे आटतात. 2012 नंतर तर बराच काळ ते कोरडं पडलं होतं. मी पहिल्यांदा एप्रिलमध्ये गेलो आणि कडेचा भेगाळलेला चिखल बघून परतलो. पाऊस जून ते सप्टेंबर, आपल्यासारखाच. पावसात तळं भरतं, पण मागचा 5,596 मीटरचा बर्फाचा डोंगर ढगात बुडालेला असतो. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर धरा. मी दुसऱ्यांदा तेव्हाच गेलो. सकाळी आठच्या सुमारास वारा नव्हता. पाच कमानींचा पांढरा पूल, शेजारचा मनोरा आणि उलटा डोंगर, सगळं पाण्यात. तासाभरात वारा सुटला आणि डोंगर पुसला गेला.

फोटो काढून झाला की बहुतेक लोक परत फिरतात. तुम्ही फिरू नका. आत वूफंग लोउ नावाची तीन मजली लाकडी इमारत आहे, 1601 सालची. मुळात ती बाइशा गावाजवळच्या एका बौद्ध मठात होती, 1970 च्या दशकात उचलून इथं आणून बसवली. कुठूनही बघा, छपराची वळलेली टोकं पाच पक्ष्यांनी पंख पसरावेत तशी दिसतात.

जवळच दोंगबा संस्कृतीची संस्था आहे. दोंगबा म्हणजे इथल्या नाशी लोकांचे पुरोहित. त्यांची चित्रलिपी आजही वापरात आहे आणि तिच्यातल्या पोथ्यांना 2003 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत जागा मिळाली. नाशींची एक कथा मला फार आवडली. माणूस आणि ‘शू’ ही निसर्गदेवता हे सावत्र भाऊ. वाटणीत माणसाला शेतं आणि गुरंढोरं मिळाली. शूला जंगल, रानातली जनावरं आणि झरे. माणूस हावरट निघाला, भांडण झालं, म्हणून अजूनही शूची पूजा घालून मिटवामिटवी करावी लागते. आपल्याकडे विहिरीवर साती आसरांना नारळ ठेवतात, ते मला तिथं आठवलं.

आता खरी गंमत. तळ्यातून निघणाऱ्या ओढ्याच्या काठाकाठाने खाली चाला. वीसेक मिनिटांत जुनं गाव येतं (1997 पासून जागतिक वारसा). गावाच्या तोंडाशी पाणी तीन फाट्यांत वाटलं जातं, मग गल्लोगल्ली दारासमोरून वाहतं. पूर्वी बाजार उठला की ओढा अडवून पाणी चौकात सोडत आणि फरशी धुऊन काढत. गावातल्या काही झऱ्यांवर एकापुढे एक तीन कुंडं दिसतील: पहिलं पिण्याचं, दुसरं भाजी धुण्याचं, तिसरं कपड्यांचं. हा क्रम कुणी मोडत नाही.

बाकी किरकोळ. प्रांताची राजधानी कुनमिंगहून वेगवान रेल्वेने साधारण साडेतीन तास लागतात. गाव 2,400 मीटरवर आहे, पहिल्या दिवशी चढावर धाप लागते, तेव्हा बेताने चाला. रोख रकमेपेक्षा अलीपे हे फोनवरून पैसे देण्याचं चिनी अ‍ॅप चालतं. शाकाहारी असाल तर ‘वो छ्र सू’ म्हणायला शिका आणि जिदौ ल्यांगफन मागा. हरभऱ्यासारख्या कडधान्याच्या पिठाची करडी थापी वडीच ती, गार, वर व्हिनेगर आणि मिरचीचं तेल. मी एका बैठकीत दोन प्लेट संपवल्या.