बोल्टांचं कपाट

अगं,

रात्री पावणेबाराला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला, मग सोबतची पीपीटी पण उघडली. 46 स्लाईड! अकरा महिने शनिवार-रविवार घालवून कोर्स केलास, पाच दिवस कॅम्पसला राहून आलीस, कंपनीने फी भरली आणि वर दोन वर्षांचा बॉण्ड लिहून घेतला, आणि आता तीनच महिन्यांत "सर, इथे कुणाला काही बदलायचंच नाहीये, दुसरी कंपनी बॉण्डचे पैसे भरायला तयार आहे, जाऊ का?" जायचं का नाही ते शेवटी बघू. तू हुशार आहेस, खचू नकोस, असलं काही मी लिहीत बसणार नाही, ते सांगायला तुझी आई आहे.

आधी माझं ऐक, मग चिड.

1997 च्या जानेवारीत मला कंपनीने तीन आठवड्यांच्या निवासी कोर्सला पाठवलं होतं. प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढायचा विभाग, माझ्याकडे होतं तेव्हा. तिथे एका सरांनी शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरची गोष्ट सांगितली, तुलाही कुणीतरी सांगितली असेल. 1950 साली हिरोशिमाला माझदाच्या कारखान्यात 800 टनी प्रेसवर डाय, म्हणजे साचा, बदलायचं काम चाललेलं, हा बघत उभा, आणि मधेच कामगार गायब. तासाभराहून जास्त वेळाने आला. एक बोल्ट सापडत नव्हता म्हणून दुसऱ्या मशीनचा लांब बोल्ट घेऊन तो कापून, आटे पाडून आणला होता. तिथून शिंगोच्या डोक्यात पक्कं बसलं की प्रेस बंद ठेवूनच करायची कामं वेगळी आणि प्रेस चालू असतानाच उरकून ठेवायची कामं वेगळी. पुढे 1969 ला टोयोटात 1000 टनी प्रेसची चार तासांची सेटिंग, म्हणजे डाय बदलून बसवणं, त्याने आधी दीड तासावर आणली आणि मग तीन मिनिटांवर. मी वहीत 'बोल्ट' शब्दाखाली दोन रेघा मारल्या, लाल पेनने.

आणि परत येऊन काय केलं माहितीये? स्टॉपवॉच विकत घेतलं.

आमच्याकडे डाय बदलायला दोन तास चाळीस मिनिटं लागायची. मी घड्याळ घेऊन उभा राहिलो की तीन तास दहा मिनिटं लागायची, कारण पोरांना वाटलं टाइम स्टडी चाललाय, आता टार्गेट वाढणार. युनियनवाले गेटवर अडवून विचारायला लागले. मी भिंतीवर बोर्ड लावले, इंग्रजी नावांचे, रोज सकाळी दहा मिनिटांचं भाषण ठोकायला लागलो, आणि शॉपमध्ये माझं नाव पडलं ट्रेनिंगवाले साहेब. चार महिन्यांनी आमच्या मोठ्या साहेबांनी कँटीनमध्ये सगळ्यांदेखत विचारलं, "काय हो, कोर्सचं भूत उतरलं का?" त्या रात्री मी पण राजीनामा लिहिला होता. तुझ्याच शब्दांत जवळजवळ, इथे कुणाला बदलायचंच नाही वगैरे.

दिला नाही, कारण घराचा हप्ता होता. धैर्यबिर्य काही नव्हतं त्यात.

मग जूनमध्ये एक दिवस बस लवकर आली म्हणून सातच्या आधीच शॉपमध्ये पोचलो. बघतो तर आमचे सेटर, डाय बसवणारे, सगळे त्यांना मामाच म्हणायचे, प्रेसशेजारी बाकड्यावर निवांत बसलेले, प्रेस बंद. मी तडकलोच. मामा शांतपणे म्हणाले, "कपाटाला कुलूप हाय साहेब. किल्ली स्टोअरवाल्याकडं, त्ये साडेआठला येतंय." टी-बोल्ट, क्लॅम्प, पाने, सगळं त्या कपाटात. पहिली शिफ्ट सातची, स्टोअर साडेआठचं. म्हणजे सोमवार असो का शनिवार, सकाळची पहिली सेटिंग दीड तास कुलपासमोर बसून असायची, आणि मी हिरोशिमाच्या बोल्टाची गोष्ट सांगत भाषणं देत होतो. कुलूप का लावलं होतं? दोन वर्षांपूर्वी पाने चोरीला गेले म्हणून ऑर्डर निघाली होती. ऑर्डरवर सही कुणाची? माझी.

कुलूप काढलं. बोर्ड पण काढले. आणि मग नव्वद दिवस एकच काम केलं, रोज पावणेसातला जाऊन त्या दिवशीच्या डायचे बोल्ट-क्लॅम्प ट्रॉलीवर लागलेत का ते बघायचं, नसतील तर स्वतः लावायचे. नाव नाही, चार्ट नाही, भाषण नाही. तिसऱ्या आठवड्यात मामा आपणहून म्हणाले की सगळ्या डायची उंची सारखी केली ना साहेब, खाली पट्ट्या टाकून, तर दरवेळी स्ट्रोक ॲडजस्ट करायलाच नको. हे त्यांना वीस वर्षं माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं. दिवाळीपर्यंत आम्ही एक तास पाच मिनिटांवर आलो.

म्हणून सांगतो, एक गोष्ट, एक जागा, नव्वद दिवस. आणि ती गोष्ट तुझी स्वतःची पाहिजे, दुसऱ्याने काय बदलावं याची यादी नव्हे. तुझ्या 46 स्लाईडमध्ये "टीमने", "मॅनेजमेंटने", "सप्लायरने" हे मी मोजत गेलो आणि मग मोजायचं सोडलं. "मी" एकदाच आलाय, पहिल्या स्लाईडवर, नावाच्या जागी.

तू म्हणशील सर, माझा बॉस. हो, बॉस. त्यात तू चूक नाहीयेस, आणि हे आजचं पण नाही. 1953 साली एडविन फ्लेशमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन ट्रॅक्टर कंपनीच्या फोरमन लोकांवरचा अभ्यास छापला होता. फोरमन शाळेत माणसांशी कसं वागायचं ते शिकून यायचे, कोर्स संपताना मतं बदललेली असायची, आणि कारखान्यात परतले की शेवटी आपल्या वरचा साहेब जसा वागतो तसंच वागायला लागायचे. आपल्याकडे साठच्या दशकात आयआयएम अहमदाबादने थ्री-टियर प्रोग्रॅम काढला होता, मधली फळी, तिच्या वरची फळी आणि अगदी वरची फळी, तिघांसाठी, त्यामागे हाच विचार. एकट्याला शिकवून परत पाठवला तर तो तिथे एकटाच पडतो. तुझ्या कंपनीने तुला एकटीला पाठवलं. त्याचा राग मलाही येतो. पण म्हणून बॉसला 46 स्लाईड दाखवायच्या? त्याला ते ऐकू काय आलं असेल, तर पोरगी शिकून आली आणि आता मला शिकवतेय. (कोर्सच्या शेवटी फीडबॅक फॉर्म भरलास ना, पाचपैकी पाच? 1959 मध्ये कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या: आवडलं का, शिकलात का, वागणं बदललं का, कामावर परिणाम दिसला का. फॉर्म पहिल्या पायरीवरच संपतो, आणि आपण सर्टिफिकेट फ्रेम करतो.)

आता तुझी ती मीटिंग. तू लिहिलंयस की सायकॉलॉजिकल सेफ्टीचं सेशन घेतलंस, सगळ्यांना म्हणालीस मोकळेपणाने बोला, कुणीच बोललं नाही. मग आठवड्याने साडेनऊच्या रिजेक्शन मीटिंगमध्ये, नापास मालाच्या, तो नवा इन्स्पेक्टर म्हणाला की माप तपासायचं गेज घासलंय, चार दिवस सांगतोय, आणि बॉसने त्याला "तुझं काम चेकिंगचं, इंजिनिअरिंगचं नाही" म्हणून गप्प केलं. आणि तू? हे तू एका ओळीत उरकलंस, मला तिथेच थांबावंसं वाटलं. तू वहीत काहीतरी लिहीत बसलीस. सेशन एक तासाचं होतं, पण सगळ्यांनी धडा घेतला तो या दहा सेकंदांचा. चिडू नकोस, मी पण असा बसलोय. खूपदा बसलोय.

तर तुझं कपाट ती साडेनऊची मीटिंग आहे. दुसरं काही नाही. डॅशबोर्ड नको, नवीन फॉरमॅट नको, आणि कृपा करून त्या मीटिंगला नवीन नाव देऊ नकोस. उद्यापासून एकच, आधी लाइन इन्स्पेक्टर बोलेल, मग ऑपरेटर, तू सगळ्यात शेवटी. आणि कम्प्लेंटच्या कागदावर कारणाच्या रकान्यात "ऑपरेटरचं दुर्लक्ष" आणि उपायाच्या रकान्यात "ऑपरेटरला समज दिली" असं आलं की त्यावर तू सही करायची नाही. मी नोकरीत असे शेकडो कागद सही करून पुढे पाठवलेत, ऑडिटरही खूश, कस्टमरही खूश, आणि तोच फॉल्ट दोन महिन्यांनी परत दारात हजर. बॉसकडे पण एकच मागायचं, "सर, मीटिंगला पावणेदहाला या, मी तोवर आकडे तयार ठेवते." याला कुठला बॉस नाही म्हणेल? तुला ती पंधरा मिनिटं मिळाली की झालं. नव्वद दिवस. कंटाळा येईल, साधारण पंचविसाव्या दिवशी येतो, आणि तेव्हाच कुणीतरी लिंक्डइनवर काहीतरी भारी टाकलेलं दिसतं. तरी तेच करत राहायचं, तीच मीटिंग.

पटत नसेल तरी कर. मला माहितीये हे फार छोटं वाटतं, एवढी फी भरून हे? मला पण वाटलं होतं.

आणि आता जे तुला कधी सांगितलं नाही ते. 1998 ला हेड ऑफिसला मी त्या प्रेस शॉपचं प्रेझेंटेशन दिलं. इंग्रजी नाव देऊन, ग्राफ लावून, शेवटच्या स्लाईडवर माझं एकट्याचं नाव. कुलपाच्या ऑर्डरचा उल्लेख नाही, पट्ट्यांची आयडिया मामांची होती याचा उल्लेख नाही. प्रमोशन मिळालं, मी हेड ऑफिसला गेलो. तेव्हा तसंच चालायचं, सेटरचं नाव स्लाईडवर कुणी टाकत नव्हतं, टाकलं असतं तर हसले असते, आणि वर गेलो म्हणूनच पुढे चार प्लांटमध्ये मला काही करता आलं, हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता खरंच वाटतं. बहुतेक खरं असेलही. तुझ्यासारख्या चार जणांना मी हाताशी धरलं तेही त्यामुळेच जमलं ना.

मामा दुसऱ्या वर्षी रिटायर झाले. बऱ्याच वर्षांनी कराडला एका लग्नात भेटले, जेवणाच्या पंगतीत. माझ्या तब्येतीची चौकशी केली, मुलांची केली, आणि मग विचारलं, "साहेब, त्ये बोल्टाचं कपाट अजून उघडंच असतंय न्हवं?" मला माहीत नव्हतं. हेड ऑफिसला गेल्यापासून मी त्या शॉपमध्ये सातच्या आधी एकदाही गेलो नव्हतो. मी हो म्हणालो.

बॉण्डचं म्हणशील तर, जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही, रेफरन्सही देईन. पण नव्वद दिवस झाल्यावर. उद्या साडेनऊला त्या गेजवाल्या पोराला आधी बोलू दे, आणि तो काय म्हणाला ते मला दुपारी कळव. त्याच्या शब्दांत कळव.

तुझा,
जुना साहेब