ताई, समुद्र बघायला येतोय, पण करायचं काय?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही लातूरला राहतो. नाताळच्या सुट्टीत मुंबईला यायचं ठरलंय, मी, मिस्टर, दोन मुलं (वय 7 आणि 11) आणि सासूबाई. मुलांनी समुद्र फक्त टीव्हीत बघितलाय. दोन दिवस आहेत. फोनवर बघितलं तर सगळीकडे तेच, चौपाटीवर भेळ खा, फोटो काढा, परत या. एवढ्यासाठी रात्रभर गाडीत बसून यायचं का? सासूबाईंचे गुडघे दुखतात, वाळूत चालवत नाही. तर मग नक्की काय करायचं तिथे?
– एक वाचक, लातूर

उत्तर : अहो या, नक्की या, आणि भेळेला एवढं नाव ठेवू नका, मी स्वतः गिरगावात वाढलेय. पण तुमचं एक खरं आहे, लोक चौपाटीला येतात आणि समुद्राकडे पाठ करून गाड्यांसमोर उभे राहतात. त्यात वेळही चुकलेली असते. भर दुपारी भरतीला आलात की वाळू जेमतेम उरते, ऊन डोक्यावर, मुलं किरकिर करणार. म्हणून तिकीट काढायच्या आधी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढा आणि तिथी बघा.

कोळी लोकांचा आणि कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांचा साधा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. म्हणजे चतुर्थी असेल तर 4 ची पाऊणपट 3, तीनच्या सुमाराला भरती. अष्टमी असेल तर सहाला. अमावस्या-पौर्णिमेला बाराला. दिवसाही आणि रात्रीही, कारण भरती दिवसातून दोनदा येते आणि तिच्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो ना, तशी भरतीही रोज तेवढी पुढे सरकते, त्याचीच ही पाऊण तासाची मोजणी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, अगदी मिनिटाला हवं असेल तर फोनवर त्या तारखेची मुंबईची भरती-ओहोटी शोधा, लगेच मिळते.

आता तुमच्यासाठी सगळ्यात भारी दिवस कुठला? पौर्णिमा किंवा अमावस्या, नाहीतर त्याच्या मागचापुढचा एखादा दिवस. तेव्हा उधाण असतं, पाणी जितकं वर चढतं तितकंच आत लांब जातं, आणि ओहोटी बरोबर संध्याकाळी सहाच्या आसपास, म्हणजे डिसेंबरात सूर्य बुडतो त्याच वेळेला. पाचला वाळूवर पोचलात की ओली चकचकीत वाळू लांबपर्यंत उघडी. अष्टमीच्या आसपास आलात तर उलटं, तेव्हा भांग असतो, पाणी फार आत जात नाही आणि संध्याकाळी नेमकी भरती. तसं असेल तर चौपाटी दुपारी बाराला करा, टोप्या घालून.

मुलांना ओल्या वाळूवर उकिडवं बसवा आणि दोन मिनिटं हलू नका म्हणावं. वाळूत बारीक बारीक भोकं दिसतील आणि प्रत्येक भोकाभोवती मोहरीपेक्षा जराशा मोठ्या वाळूच्या गोळ्या, रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या पसरलेल्या. ते काम वाटाण्याएवढ्या खेकड्यांचं. माणूस थांबला की ते हळूच वर येतात, वाळू तोंडात घालतात, तिच्यातलं खाण्यासारखं काय असेल ते चाटून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात, असं भराभर चालू. तुमची सावली हलली की सगळे गायब. पुढची भरती आली की ती सगळी रांगोळी पुसली जाते, मग परत पहिल्यापासून. जुहूला हे हमखास दिसतं, गिरगावातही नशीब असेल तर. माझा भाचा सात वर्षांचा असताना तासभर एका भोकासमोर बसला होता, भेळ गार होऊन गेली (भेळ गारच असते म्हणा).

सासूबाईंसाठी वाळू नको, मरीन ड्राइव्हचा कट्टा. टॅक्सी अगदी फुटपाथला लागते, कट्ट्यावर बसलं की पाय खाली सोडून समोर नुसता समुद्र. पाठीमागे वळून बघायला सांगा, ती गोल कोपऱ्यांच्या बाल्कन्यांची जुन्या घरांची रांग, ती आर्ट डेको म्हणतात त्यातली, 2018 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. कट्ट्याखालच्या त्या चार पायांच्या सिमेंटच्या दगडांवर मात्र मुलांना उतरू देऊ नका, शेवाळ असतं आणि मधल्या फटीत पाय गेला की संपलं. फोटोसाठी तर अजिबात नाही.

सकाळी गाडी सीएसएमटीला लागते ना तुमची? मग तिथूनच खाली उतरून मेट्रो 3 घ्या, काळबादेवी आणि त्याच्यापुढचं गिरगाव, दोन स्टेशनं. वरून चौपाटी चालत दहा-पंधरा मिनिटं, सासूबाईंना टॅक्सी. चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे तो नुसता शोभेचा नाही, 1920 च्या ऑगस्टमध्ये त्यांचे अंत्यसंस्कार इथेच वाळूवर झाले. अकरा वर्षांच्या मुलाला इतिहासाच्या पुस्तकातलं हे जागेवर सांगता येतं. तिथून जवळच लॅबर्नम रोडवर मणिभवन, गांधीजी 1917 ते 1934 मुंबईत आले की उतरायचे ते घर. ऊन असेल त्या वेळात तिथे जा, गर्दी नसते, त्यांच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या छोट्या बाहुल्यांमधून मांडलेत ते मुलं बघत बसतात.

दिवे लागायच्या वेळेला वर मलबार हिलला कमला नेहरू पार्कात जा, बुटाचं घर धाकट्यासाठी, आणि मरीन ड्राइव्हचा तो दिव्यांचा हार वरून बघायला तुमच्यासाठी. चौपाटीचा सूर्यास्त आणि हे दोन्ही एका संध्याकाळी कोंबू नका, दोन दिवस आहेत ना.

हाजीअलीला जायचं मनात असेल तर परत तिथीच बघा. मोठ्या भरतीला दर्ग्याकडे जाणारी वाट पाण्याखाली जाते. मी एकदा मावशीला घेऊन पौर्णिमेला बरोबर बाराला पोचले, शहाणी असून, आणि दोन तास रस्त्यावर उसाचा रस पीत बसलो. मावशी अजून काढते ते.

भेळ खाताना भाव आधी विचारा. एवढंच.

प्रश्न : ऑगस्टमध्ये जुहूला माझ्या मुलाला निळ्या फुग्यासारखं काहीतरी पायाला लागलं, पाय लालभडक झाला, तो ओरडायला लागला. आजूबाजूच्यांपैकी कोणी वाळू चोळा म्हणालं, कोणी बाटलीतलं पाणी ओता. बरोबर काय?
– डोंबिवली

उत्तर : दोन्ही चूक. त्याला ब्लू बॉटल म्हणतात, पावसाळ्यात वाऱ्याबरोबर किनाऱ्याला येऊन पडतात. फुगा दिसतो तो वर, डंख असतो खालच्या लांब निळ्या दोऱ्यांमध्ये, आणि वाळूत मरून पडलेलं असलं तरी ते दोरे डसतात, म्हणून काडीने ढोसणंसुद्धा नको. चोळलं की अंगाला चिकटलेले उरलेसुरले डंखही फुटतात, गोड्या पाण्यानेही तेच होतं. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, दोरे चिमट्याने अलगद उचलून काढायचे, खरवडायचे नाहीत, नुसत्या बोटानेही नाही. मग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं पाय, भाजेल इतकं कडक नाही, आधी आपला हात घालून बघा. श्वास लागला, चक्कर आली किंवा सूज वर चढायला लागली तर घरगुती काही करत बसू नका, सरळ हॉस्पिटल. आणि पावसाळ्यात चौपाटीवर अनवाणी नको. 2013 च्या गणपती विसर्जनाला गिरगावला पाकटांनी (शेपटीला विषारी काटा असलेले चपटे मासे) कित्येक जणांना डंख मारले होते, तेव्हाही लोक अनवाणीच पाण्यात उतरले होते.

प्रश्न : आम्ही सहा मित्र पुण्याहून एका दिवसासाठी येतोय, जुहूला मस्त पोहायचा प्लॅन आहे. कुठली बाजू बरी?
– पुणे

उत्तर : कुठलीच नाही रे. शहराचं सांडपाणी त्याच समुद्रात जातं, आणि ओहोटीला पाणी ओढतं ते वरून कळत नाही. मालाडची अक्सा चौपाटी तर अजिबात नाही, तिथे चांगली पोहणारी मुलंही गेली आहेत. पाय बुडवा, लाल बावटा असेल तर तेही नको, आणि लाइफगार्डने शिट्टी मारली की त्याच्याशी हुज्जत घालू नका.

त्यापेक्षा मरीन लाइफ ऑफ मुंबई नावाचा गट आहे, ते लोक ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फिरवतात, 2017 पासून चालू आहे, त्यांच्या पेजवर तारखा येतात त्या बघा. खडकातल्या डबक्यात आपल्या मुंबईत समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी) असतात हे मला पन्नाशीत कळलं. जुनी चप्पल घालून या, नवे शूज खाऱ्या पाण्यात वाया जातात, आणि टॉवेल आणाच, पोहणार नसलात तरी गुडघ्यापर्यंत भिजणारच आहात.