मोबाइलला समुद्रावरचे दिवे ओळखता येतील का?

प्रश्न : आमची बोट मिरकरवाडा बंदरातून मासेमारीला जाते. रात्री लांबच्या जहाजाचे दिवे पाहून ते येत आहे की जात आहे, हे नव्या खलाशांना चटकन उमगत नाही. मोबाइलचा कॅमेरा दिव्यांकडे धरला की कृत्रिम बुद्धिमत्ता ते सांगते, असे मुलगा म्हणतो. त्यावर विसंबावे का?
– एक तांडेल, रत्नागिरी

उत्तर : नव्या खलाशांना शिकवण्यासाठी जरूर वापरा, पण त्याच्या भरवशावर सुकाणू फिरवू नका.

पहिली अडचण रंगाची आहे. बंदरात उभे राहून एखाद्या लाल दिव्याचा फोटो काढा आणि तो मोठा करून पाहा. दिव्याचा मध्य बहुधा पांढराफटक आलेला असतो आणि लाली फक्त कडेच्या वलयात उरते, कारण अंधारात कॅमेरा जास्त प्रकाश ओढून घेतो. हा दोष कॅमेऱ्याचे प्रकाशमान (एक्स्पोजर) कमी करून बराच आवरता येतो.

दुसरी अडचण मात्र कॅमेऱ्याची नव्हे, दिव्यांच्या अर्थाचीच आहे. समुद्रातली टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जहाजाच्या डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा असतो. दोन्ही एकदम दिसले, तर जहाज तुमच्याच रोखाने येत आहे. लालावर लाल म्हणजे ताबा सुटलेले जहाज, हिरव्याखाली पांढरा म्हणजे ट्रॉलर, म्हणजे जाळे ओढत मासेमारी करणारी बोट. अशा जोड्या यंत्राला शिकवता येतात. पण एकच पांढरा दिवा दिसला तर? ती पुढे चाललेल्या जहाजाची पिछाडी असेल, नांगरलेली बोट असेल किंवा एखादी लहान होडी. पन्नास मीटर किंवा त्याहून लांब जहाजाचे डोलकाठीवरचे पांढरे दिवे सहा सागरी मैलांवरून दिसावेत असा नियम आहे, तर बाजूच्या रंगीत दिव्यांसाठी तीनच मैलांची अट आहे. म्हणजे तेच जहाज लांबून नुसते पांढरे दिसू शकते. यांतले खरे कोणते, हे एका चित्रावरून कितीही हुशार यंत्राला सांगता येणार नाही.

म्हणून जुने तांडेल करतात तेच करावे : होकायंत्र त्या दिव्यावर धरून दिशा पाहावी आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाहावी. दिशा बदलत नसेल आणि दिवा जवळ येत असेल, तर टक्कर होण्याचा धोका आहे. दोघांचा मिळून वेग ताशी वीस सागरी मैल असेल, तर तीन मैलांचे अंतर नऊ मिनिटांत संपते. यंत्रानेही एका फोटोवर निकाल न देता सलग चित्रणातून ही दिशा मोजली, आणि बोट डोलताना होणारा फरक त्यातून वजा केला, तर त्याचा उपयोग खरोखर वाढेल.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट आहे, जी तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिली असेल : दिवाच न लावलेली होडी. दिवे ओळखणाऱ्या यंत्राच्या लेखी ती नसतेच, त्यामुळे नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, एक माणूस उभा ठेवावाच लागेल.